घाटाचे भय आणि सशाचे भय

एका भगिनीचे पत्र आमच्यापुढे आहे. बेळगावच्या पश्चिमेकडील एका खेड्यातून ते आले आहे. लिहिणाऱ्या भगिनीचे नाव व गाव आम्ही मुद्दाम देत नाही, आणि ज्यांवरून ते घर ओळखता येईल असे तपशीलही आम्ही गाळले आहेत. तिचे यजमान कामानिमित्त गोव्यास जात-येत असत. गेल्या पावसाळ्यात चोर्ला घाटातून परत येताना त्यांची वडाप गाडी घसरून उलटली. शेजारी बसलेला मनुष्य जागच्या जागी गेला. यजमानांस खरचटण्यापलीकडे काही झाले नाही. साऱ्या गावाने देवाचे आभार मानले. परंतु त्या दिवसापासून आजतागायत, म्हणजे आठ महिने, त्यांनी कोणत्याही वाहनात पाऊल ठेवलेले नाही. गोव्याचे काम सुटले. रात्री ते दचकून उठतात, रस्त्यावर हॉर्न वाजला तरी हातातला पेला खाली ठेवतात, आणि रविवारी दीड कोस चालत मिस्सेस जातात. पण तेही हमरस्त्याने नव्हे, शेतातल्या पायवाटेने.

घरात यावरून दोन तट पडले आहेत. सासूबाई म्हणतात, राहू दे त्याला घरी, जीव वाचला हेच पुष्कळ. थोरले दीर म्हणतात, दोघांनी धरून एकदा गाडीत कोंबा आणि घाट दाखवून आणा, भय आपोआप मोडेल. गावात कोणी बाहेरची बाधा म्हणतात, कोणी श्रद्धा कमी पडली म्हणतात. भगिनीचे विचारणे असे की, अपघाताविषयी त्यांच्याशी बोलावे की बोलू नये? त्यांना गाडीत बसवावे की बसवू नये? आणि हा श्रद्धेचा दोष आहे काय?

या तिन्ही प्रश्नांवर गेल्या शंभर वर्षांत मानसशास्त्राच्या अभ्यासकांनी पुष्कळ परिश्रम केले आहेत, आणि त्यांची उत्तरे आपल्या नेहमीच्या समजुतींहून बरीच निराळी आहेत. म्हणून एका घरापुरते उत्तर न धाडता आम्ही ते येथे सर्वांसाठी लिहीत आहोत. असे एखादे माणूस नाही असे गाव विरळा.

आरंभी एक गोष्ट सांगणे अवश्य आहे. भयंकर प्रसंगानंतर झोप न येणे, तो देखावा पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे उभा राहणे, अंगास कंप सुटणे हे पहिल्या काही आठवड्यांत स्वाभाविकच होय. जागतिक आरोग्य संघटनेच्या विद्यमाने अनेक देशांत ज्या मोठ्या पाहण्या झाल्या, त्यांत सुमारे ७० टक्के लोकांनी आयुष्यात एकदा तरी असा जबर आघात सोसल्याचे सांगितले; परंतु त्या आघाताचा आजार जडलेले लोक शेकडा चारांच्या आसपासच आढळले. याचा अर्थ बहुतेक माणसे सावरतात, आणि तीही कोणत्याही औषधोपचारावाचून, आपल्या माणसांच्या आधाराने. मात्र जे महिनाभरानंतरही सावरत नाहीत, त्यांच्या आजारास १९८० साली अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी आपल्या ग्रंथात स्वतंत्र नाव दिले. मराठीत त्यास आघातोत्तर ताणविकार म्हणतात. आठ महिने म्हणजे महिन्याची मर्यादा केव्हाच उलटून गेली. हा आळस नव्हे, ढोंग नव्हे, बाहेरची बाधा तर नव्हेच नव्हे.

आता बोलण्याचा प्रश्न.

पहिल्या महायुद्धात तोफांच्या भडिमाराखाली राहिलेले हजारो सैनिक अंगावर जखम नसताना निकामी होऊ लागले. कोणाची वाचा गेली, कोणाचे पाय चालेनासे झाले, कोणी रात्रभर किंकाळ्या फोडू लागले. त्यांतील काही अधिकाऱ्यांस स्कॉटलंडमध्ये एडिंबरोजवळ क्रेगलॉकहार्ट येथील लष्करी रुग्णालयात ठेवण्यात आले. तेथे १९१६-१७ साली डॉ. विल्यम रिव्हर्स काम करीत होते. (हेच रिव्हर्स १९०१-०२ मध्ये आपल्या निलगिरी पर्वतावर येऊन तोडा लोकांत राहिले होते, आणि त्यांच्यावर त्यांनी १९०६ साली एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. मनुष्य ऐकून घेणारा होता, हे त्या ग्रंथावरूनही कळते.) त्यांच्याकडे येणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्यास घरच्यांनी, मित्रांनी आणि आधीच्या डॉक्टरांनी एकच उपदेश केलेला असे: झाले गेले मनातून काढून टाक, दुसरे काही चांगले चिंतीत जा. ते बिचारे दिवसभर तसा प्रयत्न करीत. दिवस कसाबसा जाई. परंतु दिवसा दाराबाहेर घालवलेली आठवण रात्री स्वप्नात खिडकीतून आत येई.

रिव्हर्सनी आपला अनुभव डिसेंबर १९१७ मध्ये डॉक्टरांच्या सभेत वाचलेल्या एका निबंधात मांडला. त्यातील एक प्रसंग आम्हांस फार बोधक वाटतो. एका अधिकाऱ्यास आपल्या जिवलग मित्राचे छिन्नविच्छिन्न झालेले प्रेत रणांगणावर पाहावे लागले होते. तो देखावा विसरण्याची तो जितकी शिकस्त करी, तितका तो रात्री अधिक भीषण रूपाने पुढे येई. रिव्हर्सनी त्यास सांगितले की, विसरू नका; त्याचा विचार करा, आणि हेही ध्यानात घ्या की ज्याच्या देहाची अशी दशा झाली, त्यास मरताना क्षणभरही यातना झालेली नसणार. हा विचार त्या अधिकाऱ्याच्या मनास कधी शिवलाच नव्हता, कारण त्या आठवणीकडे सरळ पाहण्याचे धैर्यच त्याने केले नव्हते. पुढे काही रात्री स्वप्न पडले नाही. मग एका रात्री तो स्वप्नात पुन्हा मित्राजवळ गेला, आणि जागा झाला तेव्हा त्याच्या मनात धडकी नव्हती, दुःख होते. धडकी आणि दुःख यांतील हा भेद मोठा आहे. दुःखाबरोबर माणूस राहू शकतो.

तथापि रिव्हर्सनी हेही प्रामाणिकपणे नमूद केले की, काही अनुभव इतके किळसवाणे व भीषण असतात की त्यांत आधार घ्यावा असा एकही कोपरा सापडत नाही. अशा वेळी नुसते आठवावयास लावून उपयोग होत नाही. हा सावधपणा पुढे काही काळ लोक विसरले. १९८० नंतर पाश्चात्त्य देशांत अशी रीत पडली की, अपघात, आग वा दरोडा घडला की दोन-चार दिवसांतच जाणत्या माणसाने आपद्ग्रस्तांस बसवून सर्व हकीकत बारकाव्यानिशी बोलावयास लावावी, म्हणजे पुढचा आजार टळेल. हेतू चांगला होता, आणि कल्पना इतकी पटण्यासारखी होती की तिची परीक्षा घ्यावी असे पुष्कळ दिवस कोणास सुचले नाही. अखेर वेल्समधील कार्डिफ येथे भाजलेल्या रुग्णांवर ही परीक्षा झाली व तिचा निष्कर्ष १९९७ साली प्रसिद्ध झाला. काहींस असे बोलते केले होते, काहींस केले नव्हते. कोणास कोणत्या गटात घालावयाचे ते चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दैवावर सोडले होते. तेरा महिन्यांनंतर पाहिले तो, बोलते केलेल्यांपैकी २६ टक्के आघाताच्या आजाराने पीडित होते, आणि ज्यांना कोणी छेडले नव्हते त्यांच्यात ते प्रमाण ९ टक्के होते. रस्त्यावरील अपघातांत सापडलेल्या लोकांवरही ऑक्सफर्डच्या अभ्यासकांनी असाच प्रयोग केला आणि तीन वर्षांनी त्यांची पुन्हा चौकशी केली. २००० साली त्यांनी कळविले की, आरंभी जे फार हादरले होते व ज्यांस बोलते केले गेले होते, ते तसेच आजारी राहिले होते. त्यांच्याइतकेच हादरलेले, पण ज्यांना असे बोलते केले नव्हते, ते पुष्कळ अंशी सावरले होते.

तेव्हा 'विसर' म्हणणारेही चुकले आणि 'आत्ताच्या आत्ता बोल' म्हणणारेही चुकले. ताज्या जखमेची खपली कोणी काढू नये, आणि जुन्या जखमेत पू झाला असता ती बांधूनही ठेवू नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली आपत्तीत मदत करणाऱ्यांसाठी जे पुस्तक काढले, त्यात प्रसंगानंतर लगेच करावयाचे काम फार साधे सांगितले आहे: पाहावे, ऐकावे, आणि मदतीशी जोडून द्यावे. माणूस सुरक्षित आहे काय, जेवला आहे काय, त्याची माणसे कोठे आहेत, हे पाहावे. तो बोलेल तर ऐकावे. न बोलेल तर जवळ बसावे. आपल्याकडे मयताच्या घरी शेजारणी भाताचे पातेले घेऊन जातात व कोपऱ्यात मुकाट्याने बसतात, त्यात हे सर्व आले. त्याच घरी 'नेमके काय झाले हो, कोठल्या वळणावर?' असे प्रत्येक पाहुण्याने खोदून विचारण्याचीही आपल्याकडे चाल आहे. ती मात्र टाकली पाहिजे.

पत्र लिहिणाऱ्या भगिनीस आमचे सांगणे असे की, यजमानांपुढे अपघाताचा विषय जणू काही पापच आहे अशा रीतीने झाकू नका. ते स्वतः बोलू लागले तर 'जाऊ द्या ते आता' म्हणून तोडू नका. त्या मेलेल्या सोबत्याचे नाव घरात घेतले जाऊ द्या; त्याच्यासाठी मिस्सा सांगावयाची असेल तर यजमानांस विचारून सांगा. पण बोलावयास भाग पाडू नका.

दुसरा प्रश्न गाडीत बसवण्याचा. येथे आम्हांस एका तीन वर्षांच्या मुलाची गोष्ट सांगावीशी वाटते.

१९२४ साली न्यूयॉर्क येथे मेरी कव्हर जोन्स या तरुण विदुषीने, एका संस्थेत राहणाऱ्या सुमारे सत्तर लहान मुलांच्या भीतीचा अभ्यास प्रसिद्ध केला. मुलांची भीती कोणकोणत्या उपायांनी जाते, हे तिने एकेक करून पाहिले. भीतीची वस्तू नजरेआड ठेवून नुसता काळ जाऊ दिला. भीती तशीच राहिली. गोष्टी सांगून समजूत घातली. पाचव्या वर्षात असलेली एक मुलगी आठवडाभर सशाविषयी खुशाल गप्पा मारीत होती, आपण त्यास कुरवाळले अशी बढाईही मारीत होती, पण खरा ससा पुढे येताच पहिल्यासारखीच घाबरली. इतर मुलांकडून थट्टा करवून पाहिली. तिने लाभ तर झालाच नाही, उलट अपाय होण्याचाच संभव दिसला. उपयोगी पडलेले उपाय दोनच. एक, न भिणाऱ्या सोबत्यांची संगत. दुसरा, भीतीची वस्तू एखाद्या आवडीच्या गोष्टीच्या जोडीने हळूहळू जवळ आणणे.

या दुसऱ्या उपायाची कसोटी पीटर नावाच्या मुलावर लागली. वय दोन वर्षे दहा महिने. तो पांढऱ्या उंदरास भिई, सशास त्याहून भिई. केसाळ कोट, पीस, कापूस यांसही भिई. आधी त्यास न भिणाऱ्या तीन मुलांबरोबर खेळावयास ठेवले व ससा त्या खोलीत आणला. प्रगती चांगली होऊ लागली. इतक्यात त्यास लोहितज्वर झाला आणि दोन महिने रुग्णालयात राहावे लागले. तेथून परत निघताना, मोटारीत बसतेवेळी एक मोठा कुत्रा त्याच्यावर व सोबतच्या परिचारिकेवर धावून आला. दोघेही घाबरली, आणि पीटरची सगळी भीती पूर्ववत झाली, किंबहुना वाढली.

जोन्सबाईंनी पुन्हा पहिल्यापासून आरंभ केला. पीटरला उंच खुर्चीत बसवून आवडीचा खाऊ द्यावयाचा, आणि त्याच वेळी पिंजऱ्यातला ससा दूर दारापाशी ठेवावयाचा; इतका दूर की मुलाचे खाणे थांबू नये. दुसऱ्या वेळी थोडा जवळ. मग आणखी जवळ. बाईंनी येथे एक धोकाही सांगून ठेवला आहे: ससा घाईने जवळ आणला तर सशाची भीती जाण्याऐवजी खाऊचीच भीती बसावयाची. म्हणून अंतर पीटरच्या चेहऱ्याकडे पाहून ठरवावयाचे, आपल्या उतावळेपणाने नव्हे. पुढे पिंजऱ्यातला ससा अगदी शेजारी आला, नंतर मोकळा ससा खोलीत फिरू लागला, आणि शेवटी पीटरने त्यास आपली बोटे कुरतडू दिली. कापूस, पीस व कोट यांची भीतीही त्याबरोबर गेली.

पीटरच्या घरची एक गोष्ट बाईंनी टिपून ठेवली आहे, ती आमच्या वाचक मातांनी अवश्य ऐकावी. त्याची आई त्यास घरात बोलावताना, कोणीतरी तुला चोरून नेण्यास टपले आहे अशी धास्ती घालीत असे. आपल्याकडील बागुलबुवा आणि पोरे पळविणारा झोळीवाला यांची आठवण होऊन आम्हांस ओशाळल्यासारखे झाले.

जोन्सबाईंच्या या कामाकडे त्या वेळी फारसे कोणी लक्ष दिले नाही. पुढे दक्षिण आफ्रिकेतील जोसेफ वोल्पे या डॉक्टरने, दुसऱ्या महायुद्धातील सैनिकांवर इतर उपचार निष्फळ ठरताना पाहून, हीच पायरीपायरीची रीत मोठ्या माणसांसाठी बसविली व १९५८ साली त्यावर ग्रंथ लिहिला. आज चिंता व भय यांवरील जे उपचार सर्वांत अधिक कसोटीस उतरले आहेत, त्यांतील पुष्कळांच्या मुळाशी हीच रीत आहे.

हिचे मर्म काय? मनुष्य भयाच्या वस्तूपासून दूर पळाला की त्यास तत्काळ सुटल्यासारखे वाटते. ते सुटल्यासारखे वाटणे हेच खरे विष होय. कारण मन त्यातून असा धडा घेते की, पळालो म्हणून वाचलो. आणि दुसऱ्या खेपेस ते आणखी लवकर पळते. आज घाट टाळला, उद्या बस टाळली, परवा हमरस्ताही टाळला. शेतातल्या पायवाटेने मिस्सेस जाणाऱ्या या सद्गृहस्थांचे नेमके हेच झाले आहे. सासूबाईंची माया खरी आहे. परंतु घरात बसवून ठेवण्याने भयास दूधभात मिळतो. उलट थोरल्या दिरांची रीत म्हणजे पीटरवर धावून आलेला कुत्रा. धरूनबांधून गाडीत कोंबलेला मनुष्य भय सोसावयास शिकत नाही; घरच्यांवरचा विश्वास मात्र गमावतो.

मग करावे काय? पायऱ्या पाडाव्या, आणि त्या यजमानांनी स्वतः ठरवाव्या. अंगणात उभ्या असलेल्या गाडीत, दार उघडे ठेवून, नुसते बसावे. ते जमले की यंत्र सुरू करून बसावे. मग गावच्या वेशीपर्यंत, मग शेजारच्या गावच्या बाजारापर्यंत, दिवसाउजेडी, ओळखीच्या चालकाबरोबर. घाट अगदी शेवटी, आणि तोही भर पावसात नव्हे. प्रत्येक पायरीवर काळीज धडधडेल, घाम फुटेल. ते होऊ द्यावे. त्या वेळी उतरून पळू नये, थोडे थांबावे. मनास जो धडा द्यावयाचा तो असा की, धडधड वाढते, काही वेळ राहते, आणि अनर्थ न होता ओसरते. तीच पायरी तीन-चार दिवस गिरवावी, मग पुढची. एखाद्या दिवशी मागे घसरणे होईल. पीटरचेही झाले होते. जुने भय समूळ पुसले जात नाही, त्याच्यावर नवा धडा लिहिला जातो, असे अलीकडच्या अभ्यासकांचे मत आहे. म्हणूनच ते मधून डोके वर काढले तरी सारे श्रम फुकट गेले असे समजू नये.

येथे जपमाळेविषयी एक शब्द. गाडीत बसताना प्रार्थना म्हणून धैर्य घेणे निराळे, आणि जपमाळ मुठीत आहे तोवरच गाडी उलटत नाही अशी गाठ मनाशी मारणे निराळे. दुसऱ्या प्रकारात माणूस जपमाळेस ताईत करतो, आणि ती एके दिवशी घरी विसरली की दारातूनच परत फिरतो. अभ्यासकांस असे अनेक ताईत आढळले आहेत: कोणाची पाण्याची बाटली, कोणाची खिशातली गोळी. धर्मगुरूंसही हा भेद मान्य होईल असे आम्हांस वाटते.

यावरून तिसऱ्या प्रश्नाकडे येतो. भय हा श्रद्धेचा दोष काय?

अमेरिकेतील मार्शा लिनेहॅन या बाई कॅथलिक कुटुंबात वाढल्या. वयाच्या सतराव्या वर्षी, १९६१ साली, त्यांस हार्टफर्ड येथील मनोरुग्णालयात ठेवावे लागले; दुःख असह्य झाले की त्या स्वतःच्या शरीरास इजा करून घेत. दोन वर्षांहून अधिक काळ त्या तेथे होत्या. त्या प्रार्थना करीत नव्हत्या असे नव्हे. बाहेर आल्यावरही झगडा संपला नाही. १९६७ साली शिकागोमध्ये एका प्रार्थनामंदिरात गुडघे टेकले असता त्यांस असा काही अनुभव आला की, त्या क्षणापासून आपण स्वतःचा स्वीकार करू शकलो असे त्या सांगतात. येथे थांबल्या असत्या तर ही केवळ एक साक्ष झाली असती. परंतु त्यांनी मानसशास्त्राचे उच्च शिक्षण पुरे केले, आणि आपल्यासारख्याच रुग्णांसाठी वर्षानुवर्षे खपून, प्रयोगाने पारखून, एक उपचारपद्धती बसविली. तिचा ग्रंथ १९९३ साली निघाला. स्वतःच्या आजाराची हकीकत त्यांनी जगास सांगितली ती २०११ साली, त्याच हार्टफर्डच्या रुग्णालयात उभे राहून.

त्यांच्या पद्धतीचा एक संपूर्ण भाग दुःख सोसण्याच्या कलेचा आहे. कला म्हणजे अभ्यासाने येणारी गोष्ट. कोणास ती उपजत नसली तर तो दोषी नव्हे. तीत मोठमोठी तत्त्वे थोडी आणि साधे उपाय पुष्कळ आहेत. मन अगदी खवळले असता थंड पाण्यात काही क्षण चेहरा बुडवावा. त्याने हृदयाचे ठोके मंदावतात, हा शरीराचा धर्मच आहे. (ज्यांस हृदयविकार आहे त्यांनी मात्र डॉक्टरांस विचारल्याशिवाय हे करू नये.) श्वास सावकाश सोडावा, घेण्यापेक्षा सोडण्यास अधिक वेळ लावावा. आणि जे घडून गेले ते घडले, हे पूर्णपणे पत्करावे. पत्करणे म्हणजे ते चांगले झाले असे म्हणणे नव्हे. ते झालेच नसते तर, या विचाराशी रोज चाललेली कुस्ती सोडणे होय. गेथशेमनीच्या बागेत प्रभूलाही घाम फुटला होता, आणि शिष्यांनी आपल्याजवळ जागे राहावे अशी त्याने इच्छा केली होती. या प्रसंगाचे मनन करणाऱ्यांनी एका घाबरलेल्या माणसास अल्पश्रद्ध म्हणावे, याचे आम्हांस आश्चर्य वाटते.

आता शेवटची व्यवहाराची गोष्ट. आठ महिन्यांचा आजार केवळ घरच्या उपायांवर सोडणे बरे नाही. झोप उडालेली आहे, काम सुटले आहे; अशा वेळी पायऱ्या पाडण्यासही जाणत्याची सोबत हवी. कोणी दारूने झोप आणू पाहत असेल, किंवा जगणे नको असे बोलत असेल, तर एक दिवसही थांबू नये. पश्चिमेकडील वाचकांस गोव्यात बांबोळी येथील मानसोपचार संस्था आणि धारवाड येथील मनोरुग्णालयासह चालणारी संस्था, ही दोन्ही सरकारी ठिकाणे जवळची आहेत. तेथे जाणे म्हणजे वेडा ठरणे, ही समजूत पुष्कळांस घरी अडवून ठेवते. गोव्यातच झालेला एक प्रयोग या दृष्टीने सांगण्यासारखा आहे. डॉ. विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी बारा सरकारी आरोग्यकेंद्रांत आणि बारा खाजगी दवाखान्यांत, चिंता व खिन्नता यांनी ग्रासलेल्या सुमारे २,८०० रुग्णांवर तो केला व २०१० साली त्याचे फळ प्रसिद्ध केले. काही ठिकाणी डॉक्टरांच्या जोडीस स्थानिक, वैद्यकीय शिक्षण नसलेली, परंतु या कामासाठी खास शिकविलेली माणसे समुपदेशक म्हणून ठेवली होती. आजार काय आहे ते समजावून सांगणे, श्वासाचे व्यायाम शिकविणे, घरच्या अडचणी ऐकून घेणे, पुन्हा येण्याची आठवण करणे, हे त्यांचे काम. सरकारी केंद्रांत जेथे अशी माणसे होती तेथे सहा महिन्यांत शेकडा ६६ रुग्ण बरे झाले. जेथे नव्हती तेथे शेकडा ४२ किंवा ४३. खाजगी दवाखान्यांत मात्र काही फरक पडला नाही. तेथे समुपदेशक असोत वा नसोत, दोहोंकडे बरे होणाऱ्यांचे प्रमाण मुळातच शेकडा ६५ च्या आसपास होते.

ज्यांस इतक्या दूर जाणे शक्य नाही, आणि या भगिनीचे यजमान तर आज गाडीत बसूच शकत नाहीत, त्यांच्यासाठी भारत सरकारने ऑक्टोबर २०२२ पासून टेली-मानस नावाची दूरध्वनी सेवा चालविली आहे. क्रमांक १४४१६. ती रात्रंदिवस चालते, पैसे पडत नाहीत, आणि मराठीसह अनेक भाषांत बोलता येते. प्रथम भगिनीने स्वतः बोलून पाहिले तरी चालेल. रुग्णानेच बोलले पाहिजे असा नियम नाही.